जाब विचारायला गेलो होतो

पक्षाला जाब विचारायला मी गेलो आणि पक्षाचंच उपरणं गळ्यात घालून परत आलो.

आमचा गट पक्षात नाही. निवडणुकीत आम्ही त्यांच्यासाठी दारोदार फिरतो, कारण बाकीचे त्यांच्याहून वाईट. निवडणूक संपली की त्यांच्याच दारात निवेदन घेऊन उभे. यंदा सातपूरमधली कामगारांच्या मुलांची महापालिकेची शाळा त्यांचेच नगरसेवक बंद करायला निघाले होते. ‘एकही शाळा बंद होऊ देणार नाही’ हे त्यांच्या जाहीरनाम्यातलं वाक्य आम्हीच लिहून दिलेलं! म्हणून मला एवढंच सांगायचं होतं, की शाळा गेली तर आमचं कुणी प्रचाराला येणार नाही. दुसरं हत्यार आमच्याकडे नव्हतंच.

शहराध्यक्षांनी ‘या, तुम्ही तर आपलेच’ म्हणत खुर्ची दिली, चिवडा मागवला. एकदा आपलेच ठरलो की आपलं कुणी ऐकत नाही, हा इतक्या वर्षांचा अनुभव. तरी मी सांगायचं ते सांगितलं. फक्त तेव्हा तोंडात चिवडा होता. ते हसले, उठले, माझ्या गळ्यात उपरणं घातलं. कुणीतरी फोटो काढला. फोटो म्हटला की मी हसतो.

इथवरही निभावलं असतं. पण बाहेर थंडी मरणाची, आणि उपरणं चांगलं जाड. स्कूटरवर मी ते कानांभोवती गुंडाळलं आणि तसाच शाळेच्या फाटकाशी गेलो. तिथे मुलांच्या आया वाट बघत बसल्या होत्या. फोटो माझ्याआधी पोचला होता. खाली लिहिलेलं, ‘गटाचा पक्षाला जाहीर पाठिंबा’.

आमच्या अध्यक्षा, मनमाडला रेल्वेतून निवृत्त झालेल्या ताई, त्याही तिथेच होत्या. हे नुसतं उपरणं आहे, असं मी समजावू लागलो.

“प्रचाराचं बोललास का?” त्यांनी विचारलं.

“बोललो.”

“त्यांना ऐकू आलं?”

मी कानांवरचं उपरणं सोडायला लागलो. ताईंनी तिथूनच शहराध्यक्षांना फोन लावला आणि तेच स्वच्छ शब्दांत सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, की अहो, तुमच्या माणसानं आत्ताच तर पाठिंबा दिला.

ताईंनी फोन ठेवला. उद्या सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. मीही येतो म्हणालो, तशी पुढे बसलेली एक आई म्हणाली, “दादा, तुम्ही नका येऊ. तुमच्या गळ्यात कुणी बी काय बी घालतं.”