स्पॅनिशमधलं 'करायचो'

मुलगा माद्रिदला स्थायिक झाला, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागलो. परवा मॅडमनी एक भूतकाळ शिकवला. जे पूर्वी नेहमी घडायचं, ते सांगायला साध्या क्रियापदाच्या शेवटी 'आबा' लावायचं. मला गंमत वाटली. आबा लागला की क्रियापदसुद्धा आमच्यासारखं जुन्या गोष्टी सांगू लागतं!

मी उत्साहाने उठलो. "यो कोसिनाबा. मी स्वयंपाक करायचो."

"अहो, कधी?" शेजारून बायको म्हणाली. "एकदाच पोहे केलेत, तेही करपवलेत."

मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "काका, एकदाच घडलं असेल तर हा काळ चालत नाही."

वर्ग हसला. एकदा केलेलं आपण आठवणीत किती सहज 'नेहमी' करून टाकतो, आणि व्याकरण मात्र पुरावा मागतं.

मग बायको उठली. "यो एस्पेराबा. मी वाट पाहायचे. हे ऑफिसातून सातला येतो म्हणायचे आणि नऊला यायचे."

"अगदी बरोबर!" मॅडम खूश झाल्या.

सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. पण पस्तीस वर्षांत ही तक्रार तिने मराठीत एकदाही केली नव्हती.