सरजाबाईंचं नागपूर

सरजाबाईंना वय विचारलं की त्या आकडा सांगत नाहीत. "मी धर्मांतराएवढी," म्हणतात, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाची. पुढचं ज्यानं त्यानं समजून घ्यावं. त्यांच्या हिमायतनगरकडच्या गावात एवढं पुरायचं. ओळखपत्राच्या शिबिरातल्या गड्याला ते पुरलं नाही. त्यानं त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि एक जानेवारी एकोणीसशे पन्नास ठोकून दिलं. सात वर्षं फुकटात अंगावर पडली.

आता त्या लातुरात मुलाकडे, धम्मदीपकडे राहतात. इथली तऱ्हा निराळीच. शेजारपाजारचे लोक जे ते त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीचं की नंतरचं, एवढंच बघतात. सून रूपाली पुण्याची. तिच्या लेखी कार्डावरचं तेच वय आणि मोबाइलवर दिसतं तेच अंतर.

यंदा धर्मांतराला सत्तर वर्षं होणार म्हणून सरजाबाईंनी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं काढलं, तर रूपालीनं मोबाइलच पुढं धरला.

"आई, पावणेपाचशे किलोमीटर आहे. तुमचं वय शहात्तर, त्यात गुडघे. टीव्हीवर दाखवतात की सगळं."

आई आणि बायको यांच्यामध्ये सापडलेल्या धम्मदीपनं पेपरात तोंड घातलं.

"शहात्तर त्या कार्डाचं. मला सत्तरावं चालू हाय," डाळ निवडता निवडता सरजाबाई म्हणाल्या. "आन् नागपूर काई लांब न्हाई."

"लांब कसं नाही?"

"धर्मांतराच्या वक्ताला माझी माय सहा महिन्यांची पोटुशी हुती. पैनगंगा उतरून उमरखेडपस्तोर चालत गेली, मंग बैलगाडी, मंग मिळंल ते. दीक्षेला लागतं म्हणून पांढरं लुगडं शेजारणीचं मागून न्हेलं. लोक म्हणले, लई लांब हाय, वाटंतच बाळंत व्हशील." त्यांनी सूप खाली ठेवलं. "गावची हीर आमच्या घरापसून दोनशे पावलं. पर तिथं आमाला घागर बुडवू देत नव्हते. मायला ती हीर लांब हुती, पोरी. नागपूर जवळ हुतं."

रूपालीनं धर्मांतराची तारीख शाळेत पाठ केली होती. त्या तारखेएवढं माणूस आपल्याच स्वयंपाकघरात डाळ निवडत बसलंय, हे मात्र तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं मोबाइल उचलला आणि दोन तिकिटं काढली, एक आईंचं, एक आपलं.

दीक्षाभूमीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. गुडघे व्हायचे तेवढे दुखले, पण सरजाबाईंनी सुनेला कळू दिलं नाही. स्तूपासमोर त्या हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. बाबासाहेबांना वंदन झालं, मग हळूच म्हणाल्या, "माय, लई केलंस माझ्यासाठी." डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. रूपालीनं पदरानं पुसले.

पाणी वाटणाऱ्या बाईनं पेला पुढं केला. "आजी, पहिल्यांदाच आलात का?"

रूपाली हो म्हणणार, तेवढ्यात सरजाबाई म्हणाल्या, "न्हाई बाई. दुसऱ्यांदा."