बाबांच्या कॉम्प्युटरमधलं नवं कार्ड

सुरुवातीलाच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात बुद्धवंदना सोडली तर कुठलंच कर्मकांड नाही. करणी, बाधा असलं काही ऐकलं की बाबा चिडायचे... मीही त्यांच्यावरच गेलोय. वाळूजला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. बिघाड म्हटला की त्याला कारण असतंच, हा माझा रोजचा अनुभव.

बाबा प्राथमिक शिक्षक होते. रिटायर झाल्यावर टी.व्ही. सेंटरमागच्या आमच्या घरात, एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून आणलेल्या नव्वदच्या दशकातल्या ४८६ कॉम्प्युटरवर ते आपलं आयुष्य लिहायचे. इंटरनेट नाही, माऊस नाही. काळा स्क्रीन आणि फ्लॉपीवरून टाकलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. "एकदा बॅकअप घेऊन ठेव रे," असं ते मला म्हणत राहिले. मी "या रविवारी करतो" म्हणत राहिलो.

मागच्या वर्षी हार्ड डिस्क गेली. सात वर्षांचं लिखाण गेलं. बाबा मला रागावले नाहीत. कीबोर्डवर टॉवेल टाकला आणि पुन्हा तिथं बसले नाहीत. पाच महिन्यांनी हार्ट अटॅकनं गेले.

त्यानंतर मला ते मशीन चालू करायचंच होतं. का, ते सांगता येत नाही. तसल्या हार्ड डिस्क आता धड मिळत नाहीत, म्हणून लोक जुन्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड छोट्या अडॅप्टरवर बसवून त्या जागी लावतात. मशीनला ती हार्ड डिस्कच वाटते. मी नवं, सीलबंद कार्ड मागवलं. रविवारी सकाळी बसवलं, फॉरमॅट केलं, डॉस ही जुनी सिस्टीम टाकली, मग बाबांच्या फ्लॉपीवरून ते सॉफ्टवेअर. फाइलींची यादी बघितली — सॉफ्टवेअरच्या फाइली, बाकी काही नाही. जेवायला उठलो. घरात मी आणि आई, दोघंच. जेवताना आई माझ्यासमोरच होती.

परत आलो तर यादीत एक फाइल जास्त. इंग्रजी अक्षरांत नाव — मंगल.

उघडली. अर्धंच पान होतं...

"मंगल तीन वर्षांची होती. जुलाब लागले होते. मी तालुक्याला ट्रेनिंगला. पोर पाणी मागत होती, पण गावातल्या वैदूनं पाणी बंद सांगितलं म्हणून हिनं दिलं नाही. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. हिला वाटतं मला माहीत नाही. दोष हिचा नव्हता. माझाच, मी"

तिथंच तुटलेलं.

मंगल कोण, हेच मला माहीत नव्हतं. मी एकुलता एक. आईला वाचता येत नाही. तिला हाक मारली.

"आई, मंगल कोण गं?"

ती दारातच थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

मी पान वाचून दाखवलं. ती तोंडाला पदर लावून खाली बसली. म्हणाली, "तुझ्या आधीची. फर्दापूरला होतो तवा... पाणी मागितलेलं म्या कुणालाच सांगितलं नाय रं. त्यांला बी नाय. घरात म्या न ती, दोघीच होतो."

"मग बाबांना कसं कळलं?"

"काय म्हाईत..." मग म्हणाली, "परत वाच. दोष नव्हता म्हनलेत नं, तेवढंच वाच."

पाच-सहा वेळा वाचायला लावलं तिनं. आईला असं रडताना मी बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मी सगळं तपासलं. फ्लॉपीवर तशी फाइल नाही. तारीख बघावी तर मशीनमधली बॅटरी मेलेली, ते दर वेळी १९८०च दाखवतं. एक मित्र म्हणाला, "कार्ड दे, आधी कुणी वापरलेलं होतं का ते शोधून काढतो." समजा वापरलेलं निघालं — तरी त्यात आमची मंगल कशी येईल? मी कार्ड दिलं नाही.

आई आता मंगलबद्दल बोलते. लई हट्टी होती म्हणते, फोटो काढायचा राहूनच गेला म्हणते. गेल्या महिन्यात तिला फर्दापूरला घेऊन गेलो. पोरीला पुरलं होतं तिथं आता एका लॉजचं पार्किंग आहे. आई उन्हात उभी राहिली. वॉचमननं गाडी लावायची आहे म्हणून सांगितलं, तेव्हा बाजूला झाली.

परतताना बसमध्ये म्हणाली, "त्यांनीच लिवलं आसंल, नाय का?"

घरी पोचल्यावर मी मशीन चालू केलं आणि तिला ते पान पुन्हा वाचून दाखवलं.