आप्पा बसूनच जाणार

खदानवाडीच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावंच लागतं. मग ओट्यावरची बाई विचारणार, "आलाच हाय वर, तर च्या घिऊन जा." धाराशिवच्या कडेला, बंद पडलेल्या दगडखाणीभोवती ही वस्ती अशी दाटीवाटीनं बसलीय. कळंबकडचे आले, परंड्याकडचे आले, अणदूर-उमरग्याकडचे कानडी हेल काढत आले. एकानं घेतलेल्या गुंठ्यात चौघांनी भिंती घातल्या. खाली जागा संपली तशी घरं हवेत पसरली. कुणाचा सज्जा पुढं आला, कुणाचा जिना, कुणाची वाळत घातलेली गोधडी. आणि सगळ्यांच्या पुढं आलं ते द्वारकाबाईचं पत्र्याचं शेड.

द्वारकाबाई मूळची येरमाळ्याची. नवरा गेल्यावर परात, तवा आणि तोंड एवढ्या भांडवलावर ती इथं आली. ज्वारीची कडक भाकरी तिच्यासारखी वस्तीत कुणाला जमत न्हाय. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. हॉटेलवाले, हॉस्टेलची पोरं, पुण्याला परतणारे चाकरमाने, सगळे तिच्या दारात. शेडात दोन चुली अखंड पेटलेल्या, आणि दोन्हींचा धूर समोरच्या बंडप्पांच्या घरात.

"होगे! होगे!" बंडप्पा खोकत ओरडायचे. कानडीत धूर.

"आप्पा, धूर हाय म्हणून भाकर हाय!" ही इकडून.

"तुझं शेड गल्लीचं नाक दाबतंय, बाई!"

"नाक दाबलं तरी तोंड उघडतंय न्हवं तुमचं? घ्या!" आणि पहिली गरम भाकरी त्यांच्या ताटलीत. हे भांडण रोजचं. भाकरीही रोजची.

त्या दिवशी सकाळी ताटली आली नाही. पार्वतम्मा, बंडप्पांची बायको, दारात आली आणि नुसतीच उभी राहिली. द्वारकाबाईनं हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि समोर धावली. आप्पा गेले होते.

दुपारपर्यंत अणदूरचे भाऊबंद आले. लिंगायतांच्या रीतीनं आप्पांना अंघोळ घातली, कपाळाला विभूती लावली, पद्मासनात बसवलं. त्यांच्यात माणूस आडवा जात नाही. सजवलेल्या विमानात, म्हणजे बांबूच्या पालखीत बसून, खांद्यावरून जातो आणि मातीतही बसूनच राहतो. भावांनी विमान बांधलं ते अणदूरच्या रस्त्याच्या मापानं. बांबू, केळीचे खांब, झेंडूच्या माळा, वर कमान. देखणं झालं, पण गल्लीच्या तोंडाशीच अडकलं. कमान काढली. तरीही खांद्यावर बसलेला माणूस म्हणजे माणसावर माणूस. वर वायरी, सज्जे, दोऱ्या. आणि ऐन मध्ये द्वारकाबाईचा पत्रा, उंच माणसाच्या टाळक्याला लागंल असा.

आप्पांचा मोठा मुलगा उमाशंकर घामाघूम झाला होता. "काका, बाजेवर आडवं घेऊन चौकापर्यंत नेऊ. तिथं विमानात बसवू."

अणदूरचे हणमंतप्पा काका बाज शोधायला वळले. पार्वतम्मा भिंतीला टेकूनच म्हणाली, "आयुष्यभर मान वर करून चालले. आता ह्या गल्लीनं आडवं पाडायचं त्यांना?"

ते ऐकलं आणि द्वारकाबाईनं पदर कंबरेला खोचला.

"आप्पा बसूनच जाणार. उमा, तू आयेपाशी बस. गल्ली म्या बघते."

ती पहिल्यांदा शेजारच्या शमशाद आपाच्या दाराशी गेली. "आपा, सज्ज्याखालचं ते पत्र्याचं पाखं काढाया लागतंय."

"अगे, उसकू तो कल रंग दिये!"

"रंग पुन्हा दिऊ. आप्पा पुन्हा जायचे न्हाईत."

शमशाद आपानं वर बघून नवऱ्याला हाक मारली, "अजी, पाना लाओ जल्दी!" आणि स्वतःच स्टुलावर चढली.

पुढं बलभीम. वायरमन माणूस, गल्लीतल्या सगळ्या वायरी त्याच्याच हातच्या. "बलभीमा, तुझं जाळं गोळा कर बाबा."

"लाईट जाईल मावशी, समद्यांची."

"जाऊ दे. उजेड काय पळून जात न्हाय."

त्यानं लाईट बंद केली, बांबू घेऊन वायरी वर उचलून धरल्या. कुणी दोऱ्या सोडल्या, कुणी कुंड्या आत घेतल्या, कुणी जिन्याची लोखंडी जाळी काढली. गल्ली बघता बघता रुंद व्हायला लागली. अशी रुंद ती कुणी बघितलीच नव्हती.

शेवटी एकच गोष्ट उरली. सगळे द्वारकाबाईच्या शेडाकडं बघत होते.

"बघता काय? पाना आना!" ती म्हणाली.

नट गंजलेले. फिरेनात, तुटायला लागले. एक पत्रा निघता निघता मधून फाटला. शेड गेलं तर धंदा उघड्यावर, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिनं दोन्ही चुलींवर पाणी मारलं. चर्रर्र आवाज झाला, शेवटचा धूर आप्पांच्या दाराकडं गेला.

"होगे," पार्वतम्मा पुटपुटली आणि तिला हुंदका फुटला.

मग आप्पा निघाले. ताठ बसून, विभूती लावून, झेंडूच्या माळांत. सज्ज्यासज्ज्यांतून बायका उभ्या होत्या आणि आप्पा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून जात होते. शमशाद आपानं डोक्यावरची ओढणी सारखी केली. बलभीमानं बांबू तोलत मान झुकवली. पुढं भजन, मागं अख्खी खदानवाडी.

तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई पत्रे ठोकत होती. उमाशंकर आला. "मावशी, खर्च आमी..."

"गप. शिडी धर."

पार्वतम्मा ओट्यावर येऊन बसली होती. खांबाकडं बघून म्हणाली, "द्वारकाबाई, खांब मागं घेतला की गं. दोन हात मागं."

"व्हय."

"मग दुसरी चूल कुठं मांडणार?"

"एकीवरच भागवायचं. पहाटं लवकर उठायचं, दुसरं काय."

"अगं, पण का? होतं तिथं लाव की. आता धुरावरून भांडायला कोण हाय?"

द्वारकाबाईनं तोंडातला खिळा काढला.

"अक्का, म्या काय, आडवीच जाणार. मला कशीबी गल्ली पुरंल. पण तुमाला बसून जायचंय न्हवं? अन् तुमी आप्पापेक्षा उंच हाय!"

उमाशंकरच्या हातातली शिडी हलली. पार्वतम्मानं पदर तोंडाला लावला. रडतेय असं वाटलं सगळ्यांना. पण खांदे हलत होते ते हसण्यानं, तीन दिवसांत पहिल्यांदा.

"अगं मेले," ती म्हणाली, "एवढ्यात जात न्हाय मी. लाव, अजून हातभर पुढं लाव."