बाहुलीपाशी बसलेली बाई

त्या रविवारी विहारात वंदनेला बसले खरी, पण चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. सगळे मोठ्यानं त्रिशरण, ‘बुद्धं सरणं गच्छामि’, म्हणत होते आणि मी नुसतेच ओठ हलवत होते. डोक्यात एकच चाललं होतं. उद्या कॉलेजात जायचं, मॅडमना गाठायचं आणि सांगून टाकायचं, माझ्याच्यानं होत नाही, मी सोडते. विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली होती आणि त्यात मी नापास होणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

एक गोष्ट आधीच सांगते. आमच्या घरी चमत्कार चालत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नवस-सायास, अंगारे-धुपारे सगळं बंद. लहानपणी मी पेपरच्या आधी कुठं हात जोडताना दिसले की आई डोळे वटारायची, "अभ्यास कर वं, तोच पावते!" तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्याला कोणी चमत्कार म्हटलं तर मला राग येईल. पण मग त्याला म्हणावं काय, हेही मला आजवर सुचलेलं नाही.

मी नर्स आहे. डिप्लोमा करून नोकरीला लागले, हुडकेश्वरला घर झालं, मुलं मोठी झाली, आणि मग चाळिशीच्या उंबरठ्यावर मला शिकायची हौस आली. हौस कसली, आईचा हट्टच तो. "तू शिकवाले पाहिजे पोट्ट्यांना," असं ती सारखं म्हणायची. शिकवायचं तर आधी पदवी हवी. म्हणून नोकरीतून अभ्यासाची रजा घेतली आणि नागपुरातल्याच विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजात पोस्ट बेसिकला, म्हणजे डिप्लोमावाल्या नर्सच्या पदवीला, नाव घातलं. पण मी वर्गात जाऊन बसले ते बघायला आई राहिली नव्हती. तिला ऑपरेशनला नेताना तिनं माझा हात धरून विचारलं होतं, "मी वाचन ना वं?" आणि मी हसून म्हटलं होतं, "आई, काहीच होत नाही. तू पाहाच." पेशंटला आम्ही दिवसभर हेच सांगतो. तोंडात बसलेलं असतं ते. आई थिएटरातून परत आली नाही.

तेव्हापासून पेशंटसमोर माझी वाचा बसली. घरी बोलायचे, भाजीवाल्याशी भांडायचे, मैत्रिणींची टर उडवायचे. पण पलंगाजवळ गेलं की नुसतं काम. हात बिनचूक चालायचे, तोंडातून शब्द फुटायचा नाही. वॉर्डात ते खपून गेलं. घाईगर्दीत कोणाचं लक्ष जातं? कॉलेजात मात्र पंचाईत झाली.

आमच्या कॉलेजातली स्किल लॅब म्हणजे एक अख्खा वॉर्डच. ओळीनं पलंग, पडदे, सलाईनचे स्टँड, आणि पलंगांवर माणसाएवढ्या रबरी बाहुल्या. त्यांच्यावर हात बसवायचा आणि मग खऱ्या पेशंटकडे जायचं, अशी पद्धत. तिथल्या मॅडम वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, अंगकाठी अशी की वारा आला तर उडून जातील, पण काय दरारा होता बाईंचा! त्यांचा नियम एकच. बाहुलीलाही माणूस मानायचं. अंग पुसायच्या आधी पडदा ओढायचा, काय करणार ते तिला सांगायचं, तिची परवानगी घ्यायची. एका मुलीनं बाहुली उघडी टाकून फोन घेतला, तर मॅडमनी तिला बाहुलीची माफी मागायला लावली. मुली फिदीफिदी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. आम्ही त्या बाहुलीचं नाव सुमनताई ठेवलं होतं, आणि मॅडम सकाळी आल्या की खरोखर म्हणायच्या, "सुमनताई, कशा आहात?" मला आधी ते नाटक वाटायचं. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली वॉर्डात कशा वागतात ते पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. पेशंटच्या अंगावरची चादर त्या मुली अशा सरळ करत, की बघत राहावं.

मला मात्र सुमनताईशी बोलता येईना. पट्टी बांधून व्हायची, इंजेक्शन देऊन व्हायचं, तोंडातून चकार शब्द नाही. सराव परीक्षेत मॅडमनी मला दोनदा नापास केलं. "हात सोन्यासारखे आहेत तुमचे," त्या कळवळून म्हणाल्या, "पण पेशंटला कळायला नको का, की माणूस आलंय म्हणून?" मी म्हटलं, "रबराशी काय बोलायचं, मॅडम?" खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. परीक्षेत तर खरा पेशंट असणार आणि बाहेरच्या परीक्षक बाई शेजारी उभ्या राहणार. पदवी गेली म्हणजे शिकवणं गेलं, आणि आईनं मागितलेली एकुलती एक गोष्ट माझ्या हातून गेली.

सोमवारी दुपारी गेले तर मॅडम मीटिंगमध्ये होत्या. कपाटातला एप्रन तरी काढून घ्यावा म्हणून लॅबमध्ये शिरले आणि दारातच थबकले. सुमनताईच्या पलंगाशी स्टुलावर एक म्हातारी बाई बसली होती. नऊवारी लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर गाठोडं. पदरानं ती सुमनताईला वारा घालत होती आणि हळू आवाजात तिच्याशी बोलत होती. "भेव नको करू माय. मी हाव इथं. तुहं माणूस येईस्तोवर बसतो मी."

मला पाहताच ती उसळली. "अवं, तू नर्स हाय ना? काहून एकटी टाकली हिले? मघापासून पाहून राहिली मी, एक माणूस फिरकलं नाई. पोरीचं अंग कसं गार पडलं, पाह्य!"

अवं माय! दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी पोट धरून हसले असते. खरी गोष्ट अशी, की तिची बहीण शेजारच्या हॉस्पिटलात भरती होती. वॉर्ड शोधता शोधता बाई कॉलेजच्या इमारतीत आली, पलंगांची रांग दिसली म्हणून आत शिरली, बहीण सापडली नाही, पण जवळच्या पलंगावर कोणी एकटंच पडलेलं दिसलं. म्हणून बसली. स्वतःचं माणूस शोधायचं सोडून बसली! ही बाहुली आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण त्या माउलीकडे बघून ते सांगवेना. तिनं फर्मावलं, "बोल ना वं तिच्याशी. ऐकून राहिली असन ते."

आणि मी वाकले. सुमनताईचा रबरी हात हातात घेतला आणि म्हटलं, "मी आहे. मी आले." एवढंच. पण म्हणता म्हणता डोळ्यांना अशी धार लागली की समोरचं दिसेना. म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझं कोण गेलं, काय झालं, काही विचारलं नाही. थोड्या वेळानं तिला मी तिच्या बहिणीच्या वॉर्डात पोचवलं. बहीण तिला बघून रडायला लागली, तशी ती गाठोडं खाली ठेवून खाटेवरच बसली आणि म्हणाली, "मी हाव इथं." तेच शब्द, तोच सूर. बाहुलीला एक आणि बहिणीला दुसरं, असा भेद तिच्याजवळ नव्हता.

परत आले तेव्हा मॅडम लॅबमध्ये होत्या. कॉलेज सोडायचं सांगायला आलेली मी, आईचं सगळं सांगून बसले. त्यांनी उठून दार लोटलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "जे वाक्य तुम्हाला खोटं वाटतं, ते नका म्हणू. कोणी सांगितलंय म्हणायला? खरं असेल तेवढंच बोला. पण बोला." एवढ्या लहान वयात हे शहाणपण या बाईंना कुठून आलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

परीक्षेत माझ्या वाट्याला आल्या त्या ऑपरेशनला जाणाऱ्या एक मावशी. त्यांची तयारी करून द्यायची होती. परीक्षक बाई पायथ्याशी उभ्या. मी पडदा ओढला, नाव विचारलं, काय करणार ते सांगितलं, आणि बीपीचा पट्टा बांधताना मावशींनी माझं मनगट धरलं. "बाई, मी वाचन ना?"

अगदी तोच प्रश्न. परीक्षक बाई बघत होत्या, आणि ते जुनं वाक्य सवयीनं जिभेवर आलंच होतं. ते मी गिळलं. आणि मग पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली, आईशी बोलायचे ती भाषा तोंडात आली. "मावशी, ते मले माहीत नाई. डॉक्टर चांगले हायेत, ते सारं करतीन. पण थिएटरच्या दारापर्यंत मी तुमच्यासंग येतो. हात सोडत नाई." मावशींनी माझ्याकडे बघितलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मंग चाल." मग बीपी घेतला तेव्हा तो सकाळच्या नोंदीपेक्षा उतरला होता. स्ट्रेचरबरोबर मी दारापर्यंत गेले. परीक्षेत ते धरलेलं नव्हतं, पण परीक्षक बाई मागून चालत आल्या. दार बंद झालं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आई, मले खरंच माहीत नव्हतं वं." परीक्षक बाईंनी ते ऐकलं असावं. त्यांनी तोंडी प्रश्न विचारायला घाई केली नाही.

मी पास झाले. आज त्याच कॉलेजात शिकवते. शरण जाणं म्हणजे काय, हे इतकी वर्षं वंदना म्हणूनही मला कळलं नव्हतं. पुढचं आपल्या हातात नाही हे कबूल करायचं, आणि तरी उठून जायचं नाही, एवढाच अर्थ मला त्या आठवड्यात उमगला. तो शिकवायला तथागतांनी त्या चुकल्या म्हाताऱ्या बाईला धाडलं, असं मी म्हणणार नाही. ती वाट चुकली, बस. पण तिच्या त्या चुकण्यापुढे मी रोज हात जोडते, आणि मॅडमपुढेही. मावशी बऱ्या होऊन घरी गेल्या. नसत्या गेल्या, तरी मी त्यांना दिलेला शब्द खोटा पडला नसता.