ताईच्या ओळी

धाकटी शीतगृहांचा प्रोग्राम तपासायची. प्रोग्राम पायथॉनमधला, प्रत्येक खोलीच्या थंडीवर लक्ष ठेवायला मुख्य प्रोसेसने जन्माला घातलेली एक वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा तुकडा. त्याचा मोठा भाग थोरल्या बहिणीने, ताईने लिहिलेला. ताईनेच हिला हाताला धरून या कामात आणलं. गेल्या वर्षी ताई आजारपणात गेली. खुर्ची दुसऱ्याला मिळाली, ओळी तेवढ्या राहिल्या.

साहेबांचं फर्मान निघालं: चाचण्या ज्या फाइलींना शिवत नाहीत, त्या काढून टाका. चाचण्यांत कुठल्या ओळी चालल्या याची मोजणी झाली, तर ताईच्या सगळ्या फाइलींपुढे शून्य.

"शून्य कसं? रोज तर चालतंय!" धाकटी म्हणाली.

"मोजणाऱ्याला आपलंच अंगण दिसतं," शेजारचा चष्मेवाला म्हणाला. "लेकरं बाहेर काय उद्योग करतात, त्याला काय ठाऊक?"

खरंच होतं. मोजणी मुख्य प्रोसेसपुरतीच होती. धाकटीने पदर खोचला. प्रत्येक प्रोसेस उठताक्षणी मोजणी सुरू होईल अशी तजवीज केली. तर सगळ्या आपली नोंद एकाच फाइलीत लिहून एकमेकींचं पुसू लागल्या. प्रत्येकीला वेगळी फाइल दिली, शेवटी सगळ्या जोडल्या. तरी शून्यच. चाचणी संपली की प्रोसेस जबरदस्तीने मारल्या जात. नोंद लिहायला सवडच नाही.

"अगं, मरताना दोन शब्द तरी बोलू दे त्यांना," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

ताईच्या तोंडात शेवटी नळी होती. मारण्याऐवजी 'आवर आणि थांब' असा निरोप प्रोसेसना जाईल, एवढं धाकटीने केलं.

आकडे भरले. ताईच्या सगळ्या फाइली तरल्या, एक सोडून. ती ताईने अंथरुणात, गुडघ्यांवर उशी ठेवून लिहिलेली. तापमापक बंद पडला तर शेजारच्या खोल्यांवरून अंदाज बांधायचा, असं काहीसं. त्या फाइलीला प्रोग्राममधून कुणीच बोलावत नव्हतं. जोडावी म्हटलं, तर हिशेब अर्ध्यावर तुटलेला. पुढचं ताईलाच ठाऊक.

"टाक एक खोटी चाचणी," चष्मेवाला हळूच म्हणाला. "शिवलं म्हणजे झालं. कोण बघतंय?"

"ताईने चालवून घेतलं असतं?"

"छे. कान उपटले असते दोघांचे."

तिने ती फाइल स्वतःच काढून टाकली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग मोजणी पुन्हा चालवली. न शिवलेली फाइल गेल्याने आकडा आणखी वर गेला. साहेब मेजाशी येऊन शाबासकी देऊन गेले. तिने मान हलवली आणि तोंड धुवायला उठली.