चार्जरपुढची जागा

मी इलेक्ट्रिक कार घेतली तेव्हा दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, मूर्तिजापूरच्या पुढं नाही नेत तुमाले ही गाडी." मी वाद घातला नाही. इलेक्ट्रिशियन बोलावून अकोल्याच्या घराच्या पोर्चमध्ये जाड वायरचं वेगळं सॉकेट बसवून घेतलं. रात्रभर लावली की गाडी सकाळी भरलेली मिळते. लांब जायचं तर रस्त्यात फास्ट चार्जर गाठायचा. तिथे तासाभरात ऐंशी टक्के होते. पुढचं मात्र फार रेंगाळत भरतं, म्हणून ऐंशीला निघायचं.

गेल्या उन्हाळ्यात अमरावतीला बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आमचं माहेर पातूरकडचं, फुलशेतीचं. नातीच्या वरमाला आईने स्वतः गुंफल्या होत्या. नेमकी आदल्या रात्री लाईट गेली आणि गाडी अर्धीच भरली. तशीच पातूरला जाऊन आईला घेतलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माळा मागच्या सीटवर ठेवल्या आणि निघालो.

मूर्तिजापूर ओलांडल्यावर एका हॉटेलपाशी चार्जर आहे. मोबाइलवर तो रिकामा दिसत होता, आणि होताही. फक्त त्याच्यापुढे, शेडच्या सावलीत, एक मोठी डिझेल गाडी उभी होती.

गाडीवाला आत तिघा मित्रांबरोबर जेवत होता. मी म्हटलं, "दादा, ती जागा चार्जिंगची आहे. गाडी जरा बाजूला घ्याल का?"

"जेवण होऊ द्या ना बाई. लाईटवरची गाडी घ्यावीच काहून?"

मित्र हसले. मी मॅनेजरकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "नेहमीचं गिऱ्हाईक आहे ताई."

बाहेर आले. आई खाली उतरून उभी होती.

"काय म्हणते तो?"

"जेवल्यावर काढतो म्हणतो."

"मंग तू त्याच्या मांगं लाव."

मी गाडी त्याच्या मागे आडवी लावली. चार्जरची केबल ताणून पाहिली, जेमतेम पुरली. चार्जिंग सुरू झालं. आईने हॉटेलची एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, दोन गाड्यांच्या मधे मांडली आणि माळांवर पाणी शिंपडत बसली.

तो हात पुसत बाहेर आला. "गाडी काढा."

"चार्जिंग झालं की काढीन."

"किती टाइम लागते?"

"तासभर."

"मले अर्जंट जाणं आहे."

"मलेही होतं."

त्याचा आवाज चढला. मित्रही बाहेर येऊन उभे राहिले. मी किल्ली मुठीत घट्ट धरली. तो पोलिसांना फोन करतो म्हणाला. मी म्हटलं, करा. मग तो आईकडे वळला, "मावशी, तुमी तरी समजवा पोरीले."

आईने मान वर केली नाही. "यष्टीत फुलांची गाठोडी पाहून लोकं मले उठ म्हणत, अन् मी उठत होती. लय वर्षं उठली. आता नाही उठत."

त्याला काही उमगलं नाही. मला उमगलं. पातूर-अकोला गाडीत आई जागा सोडून दांड्याला धरून उभी राहायची आणि मी तिच्या पायाशी गाठोड्यावर बसायचे. बाजारात भाव करताना कोणाला न ऐकणारी ही बाई इथे का उठते, असं मला तेव्हा वाटायचं. विचारलं कधीच नव्हतं.

तो थोडा वेळ गाड्यांभोवती फिरला. मग मित्रांना घेऊन आत गेला आणि चहा मागवून बसला. पोलीस आले नाहीत. मॅनेजरने आमच्यासाठीही चहा पाठवला. आईने तो परत केला. सत्तर टक्क्यांवर अमरावती आरामात गाठता आली असती. आई म्हणाली, "झालं काय?" मी म्हटलं, "नाही." ऐंशी होईपर्यंत आम्ही हललो नाही. त्याने निघताना जोरात हॉर्न वाजवला, तेवढंच.

वरमालांच्या कडा थोड्या मलूल झाल्या होत्या. भाचीने आणि नवरदेवाने त्याच एकमेकांना घातल्या.

आता बडनेऱ्याजवळ नवा, जास्त वेगाचा चार्जर झाला आहे. तरी मी मूर्तिजापूरच्या पुढेच थांबते. जागा कधी मोकळी असते, कधी अडवलेली. अडवलेली असली की आत जाऊन जेवणाऱ्यांना मोठ्याने विचारते, "बाहेरची गाडी कोणाची आहे?"